डॉली ‘म्हातारपणाने’ गेली नव्हती

‘डॉली मेंढी सहा वर्षांच्या मेंढीच्या पेशीपासून घडवली, म्हणून ती जन्मतःच सहा वर्षांची होती आणि अकाली म्हातारी होऊन मेली’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. त्यातली पेशीची माहिती खरी, निष्कर्ष चुकीचा.

डॉली ही क्लोन होती, म्हणजे दुसऱ्या मेंढीच्या पेशीपासून घडवलेली तिची जनुकीय प्रत. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेत जन्मलेल्या डॉलीला १४ फेब्रुवारी २००३ रोजी दयामरण दिलं गेलं. कारण फुप्फुसातली गाठ. ती एका विषाणूमुळे होते, साध्या मेंढ्यांनाही होते आणि त्याच कळपातल्या इतर मेंढ्यांनाही झाली होती. वार्धक्याशी तिचा संबंध नाही.

हा समज उगाच पसरलेला नाही, हेही सांगायला हवं. डॉलीच्या गुणसूत्रांची टोकं, म्हणजे वय वाढेल तसे आखूड होत जाणारे टेलोमिअर, वयाच्या मानाने आखूड असल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. तिला संधिवातही होता. पण २०१६ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या १३ क्लोन मेंढ्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या चार तर डॉलीच्याच पेशीसाठ्यातून जन्मलेल्या. सात ते नऊ वर्षांच्या या मेंढ्या वयाला साजेशा निरोगी होत्या. एकीला मध्यम, काहींना सौम्य संधिवात, इतकंच.

क्लोनिंगमध्ये गर्भावस्थेतच बरेच जीव दगावतात, ही अडचण मात्र खरी आहे. डॉली २७७ प्रयत्नांतून जगलेली एकटीच होती.