पाव्हण्याची सोय

परभणीत वसमत रोडला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. दहा मशिनी, एक इन्व्हर्टर, आणि कोपऱ्यात एक कूलर, ज्याच्यासमोरची खुर्ची पकडायला मे महिन्यात पोरं अर्धा तास आधी येतात. शनिवारी त्यातल्या एकानं विचारलं, "सर, आपल्याकडं लिनक्स शिकवत नाहीत का? दादाला पुण्यात इंटरव्ह्यूला विचारलं म्हणं." वीस वर्षं क्लास चालवणाऱ्या माणसाला "मला येत नाही" हे वाक्य पाठ नसतं. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? सोमवारी दाखवतो."

म्हणून रविवारी सकाळीच घरच्या लॅपटॉपवर कामाला लागलो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, पण विंडोज पुसायची हिंमत नव्हती. त्यात बायकोच्या भिशीचा हिशोब आहे. मग व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. पोटातला जो असतो त्याला गेस्ट म्हणतात आणि ज्याचं पोट त्याला होस्ट. पाहुणा आणि यजमान. नाव ठेवणाऱ्याला पाहुणा म्हणजे दोन दिवस राहून जाणारा सभ्य माणूस वाटला असावा.

हे सगळं चालवायला व्हर्च्युअलबॉक्स घेतलं. ते जर्मनीतल्या इनोटेक कंपनीनं काढलं, २००८ साली सन कंपनीकडे गेलं, २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. तीन वर्षांच्या आत दोन फेरफार, तेही कुणाच्या हरकतीशिवाय. आत टाकायला डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, होतं, काही वर्षांपूर्वी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलेलं. डेबियन हे नाव इयान मर्डॉक या पोरानं १९९३ साली ठेवलं, आपल्या तेव्हाच्या मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयान जोडून. आपल्याकडं अशी जोडनावं ट्रॅक्टरच्या मागं सापडतात.

डेबियन बसलं. तासाभरात. मी बायकोला हाक मारून दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, "एवढंसंच?"

खरंच एवढंसंच होतं. लॅपटॉपची सगळी स्क्रीन काळी आणि मधोमध पोस्टकार्डाएवढा लिनक्स. आठशे बाय सहाशे. त्याला ओढून मोठं करावं तर काळं वाढायचं, तो तेवढाच.

नेमक्या त्याच वेळी मामा आले.

मामा जिंतूरकडचे. सोमवारी त्यांची तारीख होती, शेतरस्त्याची. आल्यावर ते दिवाणावर बसले, म्हणजे दिवाणाच्या अगदी काठावर, चार बोटं जागेत. मागं सगळा दिवाण मोकळा. "मामा, नीट बसा की," मी म्हणालो. "कामून? बसलोच की. आपलं कसंबी चालतंय." बायकोनं कूलर त्यांच्याकडं फिरवला तर त्यांनी तो परत माझ्याकडं फिरवला. मुरमुऱ्यांचा सुशीला खाणार का विचारलं, तर "असंल तर", नसेल तर "नगं". बेचाळीस डिग्रीत आलेला माणूस पाणीसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतो.

एकदा मामाकडं बघितलं, एकदा स्क्रीनकडं. दोघांचा आजार एकच.

याला इलाज म्हणजे गेस्ट युटिलिटीज. या व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांच्या भाषेत गेस्ट ॲडिशन्स, दुसऱ्यांकडं टूल्स. आतल्या लिनक्सला वाटत असतं की आपण खऱ्याच मशीनवर बसलोय; त्याला दाखवलेला पडदा, डिस्क, नेटवर्क कार्ड, सगळी सोंगं. हे सामान आत बसवलं की त्याचा यजमानाशी बोलण्याचा संबंध सुरू होतो. मग तो खिडकीएवढा पसरतो, घड्याळ यजमानाच्या घड्याळाशी लावतो, इकडचं कॉपी केलेलं तिकडं चिकटतं, आणि दोघांत एक फोल्डर सामाईक ठेवता येतो. थोडक्यात, पाव्हणा मोकळा होतो.

आता यातली मेख अशी की हे सामान बसवायचे हुकूम लांबलचक असतात. ते विंडोजमध्ये उघडलेल्या पानावरून कॉपी करून लिनक्समध्ये चिकटवावेत, तर चिकटवायची सोय त्या सामानातच येते. म्हणजे पोहायला शिकल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही. मग बायको मोबाइलवरून वाचायला बसली आणि मी टाइप करायला.

"एल, आय, एन, यू, एक्स, आडवी रेघ."

"वरची का खालची?"

"मधली. अहो, पुढं डॉलर आहे. मग कंस. पैसे भरायचेत का?"

मी टेबलावरचा एक कागद ओढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, जे जे चाललं ते क्रमानं लिहून ठेवायला लागलो. सोमवारी क्लासमध्ये हेच सगळं परत करायचं होतं.

पहिलाच हुकूम दिला तर उत्तर आलं, तुम्ही सुडोअर्सच्या, म्हणजे साहेबाचे अधिकार वापरू शकणाऱ्यांच्या, यादीत नाही, या घटनेची नोंद कळवली जाईल.

मामांनी बसल्या जागी मान वर केली. "कुणाला कळवणार?"

"रूटला. म्हणजे सगळ्यात वरच्या साहेबाला."

"तो कोण?"

"मीच."

मामा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. अर्जदारही तूच आणि साहेबही तूच, असं असून तुझं काम अडतंय, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवात बसत नव्हतं.

रूट होऊन पुढं सरकलो. आता हे जे सामान असतं, त्यातले काही तुकडे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसतात, आणि ते तयार मिळत नाहीत. तुमच्या कर्नलच्या मापानं तिथल्या तिथं घडवावे लागतात. घडवायला कंपायलर आणि मेक नावाची दोन अवजारं लागतात आणि त्याच कर्नलच्या हेडर फायली, म्हणजे मापांच्या नोंदी, लागतात. त्याच म्हणजे त्याच. शेवटचा आकडासुद्धा चुकून चालत नाही. माझं कर्नल ५.१०.०-८. त्याचे हेडर मागितले तर पॅकेज सापडत नाही. दोष कुणाचाच नव्हता. पेन ड्राइव्ह जुना, आणि तोवर डेबियनच्या भांडारात पुढचे नंबर येऊन मागचे उचलले गेले होते.

मामांना सांगितलं तर ते लगेच पेरणीच्या हिशोबात म्हणाले, "दुफणीचं चाडं तिफणीला बसंल का बापा? आधी तिफण बदल."

मी नेटवर दीड तास घालवून ज्या ठिकाणी पोचलो, तिथं मामा चहाच्या कपासकट आधीच बसले होते. आधी सगळं अपग्रेड, मग रीस्टार्ट, मग नव्या कर्नलचे हेडर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपग्रेड. ऐंशी टक्क्यांवर लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगला, कूलर बंद पडला, आणि मामा पहिल्यांदाच दिवाणावर मागं सरकले, भिंतीला टेकले. "आता बरं वाटलं," म्हणाले. "त्या वाऱ्यानं कान दुखायला लागले होते."

दोन तास त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

अपग्रेडच्या रिकाम्या वेळात मामांनी टेबलावर पसरलेली त्यांची पिशवी उलगडून दाखवली. सातबारा, गावनकाशा, १९५४ सालच्या खासरा पत्रकाची नक्कल, आणि त्याच्याही आधीचे निजामाच्या टायमाचे उर्दूतले कागद. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, पण मामाच्या पिशवीतून निजाम अजून सुटलेला नाही. उर्दू त्यांना वाचता येत नाही, आजोबांना यायचं. मामा फक्त शिक्का ओळखतात. "ह्यो गोल शिक्का असला की कागद खरा," ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत जिरलंही. गेस्ट ॲडिशन्सची सीडी चढवली, इन्स्टॉलर चालवला, तो कुठंतरी फसला आणि म्हणाला, काय झालं ते लॉग फायलीत बघा. लॉग उघडला. दोनशे-अडीचशे ओळी, त्यातलं एक अक्षर कळेना. मी फक्त 'एरर' हा शब्द ओळखतो. तोच माझा गोल शिक्का. तो कुठंकुठं उमटलाय ते शोधत खाली आलो तेव्हा कळलं की मेक टाकायचंच राहिलं होतं. बायकोनं तो हुकूम वाचला तेव्हा दाराशी दूधवाला आला होता. टाकलं, परत चालवला, रीस्टार्ट केलं.

आणि लिनक्स पसरला. या काठापासून त्या काठापर्यंत. बायको म्हणाली, "अगंबाई." मामा उठून जवळ आले आणि त्यांनी बोटानं स्क्रीनच्या कडेला हात लावून बघितला.

राहिला सामाईक फोल्डर. तो दिसत होता, नावासकट, पण उघडायला गेलं की परवानगी नाही.

"नकाशावर रस्ता हाय, पण जाऊ देईनात," मामा म्हणाले. आवाज बदलला होता. "गटात नाव बघ तुझं."

त्यांच्या डोक्यात गट नंबर होता. पण लिनक्समध्येही भानगड गटाचीच होती: व्हीबॉक्सएसएफ नावाचा गट असतो आणि त्यात नाव घातल्याशिवाय फोल्डर उघडत नाही. नाव घातलं. तरी उघडेना. मग कळलं की एकदा बाहेर पडून परत आत यावं लागतं, तेव्हा नोंद लागू होते. गेलो, आलो, उघडला. ही ओळही कागदावर मागं लिहिली. सायंकाळचे सात वाजले होते. मामा म्हणाले, "तुझा रस्ता एका दिसात मोकळा झाला. नशीबवान."

रात्री ते जेवले येसराची आमटी आणि भाकर, आणि झोपले गच्चीवर, सतरंजीसुद्धा नको म्हणत.

सोमवारी सकाळी मामा कचेरीत गेले, मी क्लासला. दहा पोरांसमोर तोच पेन ड्राइव्ह, तेच डेबियन, तेच पोस्टकार्ड. एकानं विचारलंच, "सर, लिनक्स एवढंच असतंय का?" मी थोरपणानं हसलो, "बघ आता," म्हणालो आणि खिशात हात घातला. कागद नाही. पाकिटात नाही, डायरीत नाही. नेटवर सगळं होतं म्हणा, पण नेटवर सतरा जणांचे सतरा मार्ग. चाललेला मार्ग त्या कागदावर होता. घरी फोन केला. बायको म्हणाली, "टेबलावर मामांची पिशवी होती पसरलेली. कशाच्या मागं लिहिलं होतं तुम्ही?"

मी मामांना फोन लावला.

"मामा, तुमच्या कागदांत एक कागद आलाय का, मागं इंग्रजीत लिहिलेला?"

"व्हता ना. तो उर्दूतल्याची झेरॉक्स. दिला की साहेबाला."

"दिला?"

"फायलीला लावला त्यांनी. साहेबानं उलटून बघितला, म्हणले, मागं हे काय हाय डॉलर-बिलर? मी म्हणलो, निजामाच्या टायमाचंच असंल." मामा जरा थांबले. "तर म्हणले, दोन्ही बाजूंचा तर्जुमा करून आणा. बारा तारीख दिलीय. मी अकराला येतो. सूनबाईला म्हणावं, कूलर नगं लावू."