पहिले पाच किलोमीटर

२१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन संपवून मी अजून बुटाची नाडीसुद्धा सोडली नव्हती, तेवढ्यात आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं, "मग ताई, फुल कधी?" म्हणजे ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. मी नुसतं हसून मान हलवली. गळ्यात मेडल होतं, मांड्या थरथरत होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं. पण ती शर्यत मी पहिल्या पाच किलोमीटरमध्येच घालवून बसले होते, आणि ते रडू त्याचं होतं.

हिशेबच सांगते. २ तास १० मिनिटांत संपवायचं ठरवलं होतं, म्हणजे किलोमीटरला साधारण सहा मिनिटं दहा सेकंद. चार महिने त्याच पेसवर पाय बसवले होते. पण स्टार्ट लाइनवर शेकडो माणसांच्या मध्ये उभं राहिल्यावर छातीत जे धडधडतं, त्याची तालीम करता येत नाही. पहिला किलोमीटर ५:२५ ला गेला. घड्याळाकडे पाहिलं आणि मनात आलं, आज पाय हलके आहेत, आत्ताच थोडा वेळ गाठीशी बांधून ठेवू. दहा किलोमीटर ५७ मिनिटांत झाले. तेराव्यापासून श्वास आखूड झाला. सोळाव्यापर्यंत कशीबशी पोचले आणि सतराव्यात उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाऊल टेकवेना.

रस्त्याच्या कडेला एका खांबाला हात टेकून पोटरी ताणत उभी होते. बोटाने दाबलं तर स्नायू दगडासारखा लागत होता. तेवढ्यात मागून एक काका आले. सत्तरीचे असावेत. तिसऱ्या किलोमीटरला मी त्यांना मागे टाकलं होतं, हे त्यांच्या पिवळ्या टोपीवरून लगेच लक्षात आलं. तेव्हा ते ज्या लयीत धावत होते, त्याच लयीत आताही धावत होते. खांद्यांत ताण नाही, तोंड मिटलेलं. माझ्याजवळ येऊन थोडे हळू झाले आणि म्हणाले, "बाळ, थांबू नकोस, चालत राहा. पावलं छोटी टाक." आणि गेले. शेवटच्या पाच किलोमीटरला मला ४६ मिनिटं लागली. घड्याळात २ तास २४ मिनिटं.

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात घर करून आहे. आपण हौशी रनर धावायला शिकतो, वेग वाढवायला शिकतो, पण हळू धावायला शिकत नाही. कुणी शिकवतही नाही. ग्रुपवर रोज पेसचे स्क्रीनशॉट पडतात. सगळ्यात जोरात धावलेल्या दिवसाचे पडतात, निवांत धावलेल्या दिवसाचा कुणी टाकत नाही. मग नवीन माणसाला वाटतं, रोज असंच धावायचं असतं.

जगातले सर्वोत्तम धावपटूही या गोष्टीतून सुटत नाहीत. २०२२ मध्ये बर्लिनला केनियाच्या एलिउड किपचोगेने फुल मॅरेथॉनचा २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्यात पहिला अर्धा भाग ५९:५१ चा होता आणि दुसरा १ तास १ मिनिट १८ सेकंदांचा. पुढच्याच वर्षी शिकागोत त्याच्याच देशाच्या केल्व्हिन किप्टमने तो विक्रम मोडला, २ तास ३५ सेकंदांत. त्याचा पहिला अर्धा १ तास ४८ सेकंदांचा आणि दुसरा ५९:४७ चा. म्हणजे अर्ध्या अंतरावर तो किपचोगेच्या जवळजवळ एक मिनिट मागे होता. काही महिन्यांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, अपघातात तो गेला. वय फक्त २४. त्याच्या दोन अर्ध्यांच्या त्या आकड्यांकडे मी अजूनही अधूनमधून बघत बसते.

आता फुलची तयारी चालू आहे. मात्र "फुल कधी?" या प्रश्नाच्या भरात मी आधी एक चूक करून बसले, तीही सांगायला हवी. हाफनंतर तीन आठवड्यांत आठवड्याचं अंतर २५ किलोमीटरवरून ४५ वर नेलं. दम पुरत होता, म्हणून वाटलं जमतंय. दम पुरतो, तिथेच फसगत होते. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध यांना महिनोन्‌महिने लागतात. डाव्या नडगीवर आतल्या बाजूला एका बोटाएवढ्या जागेत दुखायला लागलं. आधी धावताना, मग जिना उतरताना, मग झोपेतही. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं. फिजिओथेरपिस्टने पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करायला लावली. पहिल्या दिवशी डाव्या पायाने नऊ झाले. आज पंचवीस होतात, आणि ते मी एकही दिवस चुकवत नाही. लाँग रनइतकाच, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेइतकाच, हा व्यायाम मला मोलाचा वाटतो.

सध्या आठवड्यात चार दिवस धावते. त्यातले तीन दिवस इतकं हळू, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. किलोमीटरला साडेसात ते पावणेआठ मिनिटं. वाक्य मध्येच तुटलं तर वेग जास्त झाला, एवढं साधं माप. पहिले काही आठवडे फार जड गेले. लोक पुढे निघून जायचे आणि पाय आपोआप त्यांच्यामागे ओढले जायचे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंकडून आठवड्याला शंभर मैल धावून घ्यायचे, ८०० मीटरच्या पीटर स्नेलकडूनही. त्याच स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी एवढा लांब पाया! हे वाचल्यावर मला माझ्या साडेसातच्या पेसची लाज वाटणं बंद झालं.

हळू धावण्यामागे साधं गणितही आहे. ६० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी ढोबळमानाने अडीच हजार कॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, पुरतं सुमारे दोन हजारांना. बाकीचं चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या जेलमधून, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकातून, भागवायचं. जितकं जोरात धावाल तितकं ग्लायकोजन भराभर जळतं, आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अंगातली ताकद अचानक संपते, ज्याला सगळे 'वॉल' म्हणतात ती समोर उभी राहते. म्हणून लाँग रनला दर अर्ध्या तासाने थोडं खाण्याची सवय पोटालाही लावतेय. पाणी तहान लागेल तसं. भीतीपोटी ढसाढसा पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं, हे मलाही उशिराच कळलं.

आणि एक मागणं आहे. "फक्त हाफ केली" असं म्हणणं बंद करा. २१ किलोमीटर हे पूर्ण अंतर आहे. ४२.१९५ हा आकडा काही शरीरशास्त्राने ठरवलेला नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर कॅसलपासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोरपर्यंत नेली, तेव्हा तेवढं अंतर भरलं. १९२१ मध्ये तेच कायम झालं. ज्यांना फुल करायची आहे त्यांनी जरूर करावी, मीही करणारच आहे. पण पहिली हाफ संपवून घामाने निथळत उभ्या असलेल्या माणसाला पुढचा आकडा विचारू नका. कसं वाटलं, ते विचारा. मला त्या दिवशी कुणी ते विचारलं असतं, तर पोटरीतला गोळा, पिवळी टोपी, सगळं तिथेच सांगून टाकलं असतं. कदाचित नडगीही वाचली असती.

गेल्या रविवारी २६ किलोमीटर झाले, ३ तास १९ मिनिटांत. पहिला किलोमीटर ८:०५ चा. शेवटचा ७:१०, आणि तो धावताना मी सोबतच्या मैत्रिणीला तिच्या मुलीच्या परीक्षेबद्दल विचारत होते. ती म्हणाली, "अगं, तुला धाप लागली नाही?" तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

या रविवारी २८ आहेत. पहाटे चारचा गजर लावलाय.