उघड्या डोळ्यांची प्रार्थना

लहानपणी प्रार्थनेत माझे डोळे उघडे दिसले की आजी हळूच चिमटा काढायची. पन्नाशीत आता शुभवर्तमान वाचताना जाणवतं, मरण पावलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशूनं प्रार्थना केली ती डोळे वर करून. ‘चिंता करू नका’ सांगतानाही त्यानं बोट दाखवलं ते पाखरांकडे, रानातल्या फुलांकडे. बघा, म्हणाला.

मी बडोद्याचा. सकाळी कमाटीबागेत फिरून झालं की काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर थांबतो. पावागडच्या डोंगरातून निघालेली विश्वामित्री इथं आधी नाकाला कळते. गटाराचा तो वास सोसून उभं राहिलं की हळूहळू डोळे सरावतात. थंडीत काठच्या गाळात एक ओंडका दिसतो, आणि मग त्या ओंडक्याचा जबडा उघडतो. मगर. ऊन खाऊन अंग तापलं की ती अशी आ वासून पडते. पाठीवरच्या खवल्यांत चिखल वाळून पांढुरका झालेला असतो. भर शहरात, रिक्षांच्या हॉर्नखाली, देवाचं हे लेकरू निवांत!

ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांतून निघाल्या तेव्हा सगळे म्हणत होते, ‘मगरी घरात शिरल्या.’ मला तेव्हा फार राग आला, आजही येतो. नदीचा काठ आधी आपण बळकावला. मगर मातीच्या काठात बीळ करते, काठावरच खड्डा करून अंडी घालते. तो काठ दगड-सिमेंटनं बांधून काढला तर तिनं जायचं कुठं?

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं ‘सत्ता चालवा’ आपल्याला पाठ आहे. दुसऱ्या अध्यायात देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. त्या ‘राखण’साठी मूळ हिब्रूत ‘शामर’ हे क्रियापद आहे. उपासना संपताना पाळक ‘परमेश्वर तुझे संरक्षण करो’ असा आशीर्वाद देतात, तिथंही तेच. दर रविवारी हात जोडून देवाकडे जे मागतो, तेच काम त्यानं आपल्याला नेमून दिलंय.

आणि आपण काय करतो? एका वर्षी चर्चमधल्या कापणीच्या सणाचं जेवण झाल्यावर थर्माकोलच्या ताटल्या आम्ही मंडळींनीच आवारामागे जाळल्या. मीही होतो. वेदीवर भोपळे, उसाची कांडं, ज्वारीची कणसं, आणि मागे तो घशाला झोंबणारा काळा धूर. आत उपकारस्तुतीचं गीत चालू होतं. रेव्हरंड टिळकांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो, त्यांची भजनं टाळ घेऊन गातो, पण आवारातल्या बुचाला बहर कधी आला हे किती जणांना सांगता येईल?

यंदा ताटल्या स्टीलच्या आणायच्या, घासायला मी बसेन. आणि शनिवारी सकाळी सात वाजता पुलाच्या कमाटीबागेकडच्या टोकाला मी असेन. मुलांना घेऊन या. वासानं नाक धरतील, धरू द्या. थोडा वेळ थांबलं की ओंडका हलतो.