किती खुर्च्या झाल्या, हे मला विचारू नका

व्हीलचेअरसाठी निधी जमवायला काढलेली पदयात्रा संपून आठवडा झाला. पायाचे फोड सुकले, फोन मात्र अजून वाजतोय. सगळ्यांचे प्रश्न दोनच: किती किलोमीटर चाललास आणि किती व्हीलचेअर होतील? पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं मुद्दाम देत नाही.

चौथ्या दिवशी मी बूट बदलले. नवा जोड जेमतेम अर्ध्या नंबरने मोठा होता. दुपारपर्यंत टाच सोलून निघाली. दुखलं म्हणून थांबलो, पट्टी लावली, मोजे बदलले. माझ्या धाकट्या भावाला असं दुखत नाही. मणक्याला मार बसल्यापासून त्याला कमरेखाली संवेदना नाही. त्याची पहिली खुर्ची देणगीतून मिळाली होती, हार घालून, फोटो काढून. बैठक त्याच्या मापापेक्षा रुंद, उशी नावापुरती. तो एका बाजूला कलून बसायचा, सगळा भार तिकडेच यायचा. जखम झालीय हे आम्हाला कपड्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. ती भरून यायला पाच महिने गेले, आणि तेवढे दिवस खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी खुर्च्या मोजल्या, बसणाऱ्याचं माप घेतलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा २०२२ चा अहवाल सांगतो, की जगात अडीचशे कोटींहून जास्त लोकांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत किमान एका सहायक साधनाची गरज आहे आणि जवळपास शंभर कोटींना ते मिळत नाही. हे वाचलं की भराभर वाटत सुटावंसं वाटतं. मलाही वाटायचं. पण माप घेणारा जाणकार, भार विभागणारी उशी, खुर्चीतून पलंगावर जाण्याचा सराव, सैल झालेल्या ब्रेकची दुरुस्ती, यांना पैसे लागतातच. कृत्रिम पायाचंही तेच. कापलेल्या पायाचा उरलेला भाग सुरुवातीच्या महिन्यांत आकसतो, तो ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वाटीसारखा भाग, म्हणजे सॉकेट, ढिला पडतो, मग तो नव्याने बसवावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलांना तर परत परत.

मणक्याच्या दुखापतीमुळे स्वतः व्हीलचेअर वापरणारा कॅनडाचा रिक हॅन्सन १९८५ ते १९८७ या काळात स्वतःच्या हातांनी व्हीलचेअर ढकलत ३४ देशांतून ४०,००० किलोमीटर फिरला आणि मणक्याच्या दुखापतींवरच्या कामासाठी २ कोटी ६० लाख कॅनेडियन डॉलर जमवले. मोहीमही त्याची, आवाजही त्याचाच. आपल्या पदयात्रांमध्ये मात्र ज्यांच्यासाठी चालायचं ते लोक शेवटच्या दिवशी स्टेजवर दिसतात, तेही घेण्यापुरते. मला हे फार खुपतं.

या वेळी निघण्याआधीच भाऊ म्हणाला, "दादा, तू चाल. पैसा कशावर खर्च करायचा ते आम्ही ठरवतो." तो आणि त्याच्यासारखे आणखी चौघे बसले. त्यांनी खुर्च्यांची संख्या कमी केली आणि निधीचा तिसरा हिस्सा उशा, दुरुस्ती आणि सुट्या भागांसाठी बाजूला काढला. देणगीदारांपैकी दोघे त्यावर नाराज झाले. मी त्यांना भावाचा नंबर दिला. तासभर बोलल्यावर एकाने रक्कम वाढवली, दुसऱ्याचं अजून पटलेलं नाही.

सोमवारपासून मापं घ्यायला सुरुवात आहे. पहिल्या यादीत सात जण आहेत.