वडाकडून डावीकडे

कोकणातला एखादा धबधबा पाहायचा असेल तर पुण्याहून ताम्हिणी घाटाने जाऊ नये. जुलैत त्या घाटात वळणावळणाला एवढं पाणी कोसळत असतं की माणगाव येईपर्यंत माणसाची हौस फिटते. पण आमच्या भाच्याला हे सगळे धबधबे 'कॉमन' वाटत होते. त्याला माझ्या आत्याच्या गावचा पऱ्या पाहायचा होता. कुणीतरी मोबाइलवर त्याचं 'सीक्रेट वॉटरफॉल' असं बारसं करून टाकलं होतं, आणि ते सीक्रेट आता आत्या सोडून सगळ्यांना माहीत होतं.

गाव म्हसळ्याच्या पुढे, श्रीवर्धनच्या अंगाला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं ते याच पट्ट्यात. आम्ही गेलो 2022 च्या पावसात. तोवर विजेचे खांब उभे राहिले होते, घरांवर नवे पत्रे चढले होते. पण गावात पाहुणा आला रे आला, की वादळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

"चहा मग. आधी वाडी बघून घ्या," आत्या म्हणाली.

वाडी बघणं म्हणजे काय, तर आत्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवणार आणि आपण मान हलवायची. "हा माड. ह्या तिन्ही पोफळी. ही जायफळ, सासूबाईंच्या हातची. आणि हिच्यावर मिरीचा वेल." समोर नुसतं गवत. बायको सवयीने "छान आहे हो" म्हणून गेली. मग आत्याने तिला जायफळ दोनदा दाखवली.

अधूनमधून गुडघाभर उंचीची पोफळीची रोपं होती. त्यांना सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातील. "तोवर मी राहिले तर कातरेन," असं म्हणून आत्या पुढच्या गवताकडे वळली. सरकारने बागायतीला हेक्टरी 50 हजार जाहीर केले होते, तोही विषय निघाला. आत्याची वाडी आठ गुंठे. हेक्टर हा प्रकार तिने आयुष्यात पाहिलेला नाही. भाच्याने मोबाइलवर हिशेब केला, चार हजार आले. त्याने कॅल्क्युलेटर बिघडला असेल म्हणून पुन्हा केला. पुन्हा चारच.

मग पत्र्याचं प्रकरण. पडवीवरचा निळा पत्रा वाऱ्याने उचलला तो थेट वरच्या आळीत. सध्या तो तिथल्या एका गोठ्यावर सुखाने नांदतो आहे, असा आत्याचा दावा. गोठेवाल्यांचं म्हणणं, निळे पत्रे काय जगात एकच असतात? आणि असलाच, तर वाऱ्याने आणून दिला, आम्ही मागायला गेलो नव्हतो. दोन वर्षं दोन्ही घरं एकमेकांशी अतिशय गोड बोलत होती.

"जाताय तर त्या गोठ्यावरनं जा," आत्या म्हणाली. "रस्ता तोच. आणि फोटो काढा. म्हणजे, निसर्गाचा."

रस्ता विचारायची सोय मात्र नव्हती. म्हणजे सांगणारे भरपूर, एकाहून एक प्रेमळ. "सरळ जा, वडाकडून डावीकडे." आम्ही सरळ गेलो. वड कुठेच नाही. मागे येऊन विचारलं तर, "अहो, तो वादळात पडला नाही का!" जणू आमच्याच परसातला होता आणि आम्हीच विसरलो. पुढे एका आजोबांनी सांगितलं, "पडलेल्या आंब्यावरनं वर चढा." पडलेला म्हणजे निदान दिसेल तरी! तो आंबा तोडून, विकून, त्याचा बहुधा कुणाच्या तरी घरी पलंगही झाला होता. उरलं होतं ते एक खळगं, त्यात पाणी आणि पाण्यात बेडूक. गावात पाटी एकही नाही. असायची गरजच काय? गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यात सगळी झाडं अजून जागच्या जागी उभी आहेत. चुकतात ते फक्त पाहुणे.

गोठा मात्र लगेच सापडला. मी फोटो काढायला मोबाइल वर केला तशा आतून एक बाई आल्या. "म्हशीचा काढताय?" म्हटलं, हो. मग त्यांनी म्हैस नीट उभी केली. तिच्या डोक्यावर पत्रा येईल अशा बेताने मी चार फोटो घेतले. त्यांनी हातावर गूळ ठेवला. मला जगातला सगळ्यात नीच हेर असल्यासारखं वाटलं, पण गूळ चांगला होता.

पुढे चिखल, आडवे ओंडके, त्यांवरचं शेवाळ. एका ओंडक्यावरून बायको उतरली, मी घसरलो. अखेर पऱ्या आला. पाणी खरंच झकास होतं, काळ्या कातळावरून थेट खाली. पण खालच्या डोहात वादळात कोसळलेला एक ऐन आडवा पडला होता आणि त्याच्या फांदीला कुठून तरी वाहत आलेली निळी ताडपत्री अडकून फडफडत होती. भाच्याने सगळे कोन करून पाहिले. ताडपत्री प्रत्येक कोनात हजर. त्यात पाऊस वाढला, आणि धबधबा कुठला, पाऊस कुठला, हेही कळेना.

चिंब होऊन घरी आलो. आत्याने टॉवेल दिले नाहीत, आधी मोबाइल मागितला. चष्मा पुसून म्हशीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. म्हैस पडद्याबाहेर गेली, पत्रा राहिला.

"हा बघ! हा वाकडा खिळा. ह्यांनीच ठोकलेला. दुसऱ्या कुणाला इतका वाकडा ठोकता येणार नाही."

तेवढ्यात भाचा हात धुवायला मागच्या दारी गेला आणि तिथूनच ओरडला. पोफळी गेल्यामुळे मागची बाजू उघडी पडली होती. समोर अख्खा डोंगर, आणि डोंगरावरून तोच पऱ्या, वरपासून खालपर्यंत, ताडपत्रीविना.

"आत्या, अगं इथून दिसतो की सगळा!"

"दिसतो ना. वादळापासून दिसतो," आत्या फोटोवरची नजर न काढता म्हणाली. "पण इथनं गोठा कुठे दिसतो?"