आजीबद्दल पेपरात न आलेलं

आज सकाळी पेपरात आजीची निधनवार्ता आली. 'प्रगतिशील शेतकरी कै. अमुक यांच्या पत्नी. धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्यामागे मुले, मुली, सुना, नातवंडे असा आप्तपरिवार आहे.' बस. पंच्याऐंशीहून जास्त वर्षांचं आयुष्य तीन ओळींत गुंडाळलं. शेतकरी कोण, तर आजोबा. आणि मनमिळाऊ? आमची आजी? शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिच्याशी भांडून कोणी जिंकला असेल तर त्यानं कमेंटमध्ये हात वर करावा.

ओळीमागे पैसे लागतात, मजकूर घाईत दिला जातो, मान्य. पण घाईतसुद्धा आजोबांचं 'प्रगतिशील' बरं आठवलं!

काटोलच्या पलीकडे आमचं कोरडवाहू शेत. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. सरकी टोबायची आजी, निंदायची आजी, पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा करून दहीभात शिंपडायची आजी, आणि मग जुन्या लुगड्याची ओटी बांधून दिवसभर वेचायचीही तीच. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या असायच्या, त्याच हातानं रात्री भाकरी. औत आजोबा हाकायचे, फवारणी त्यांची, नाही म्हणत नाही.

मी सात-आठ वर्षांची असेन. पुढच्या खोलीत पार आढ्यापर्यंत कापूस. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची. कापूस सरकारलाच घालायचा आणि मग चुकाऱ्याची, म्हणजे पैशांची, वाट पाहत बसायचं. घरात लग्न काढलेलं असलं की कोण थांबतं? त्यामुळे रात्री गुपचूप खाजगी व्यापारी यायचा. तो आला, ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तोंड वाकडं केलं. म्हणे, ओला आहे, भाव कमी लागेल. आजोबा बाजेवर बसून खाली पाहत होते. आजी चुलीपासून उठली. ढिगाच्या अगदी खालून मूठभर कापूस ओढला, त्यातली सरकी सोलून दाढेखाली धरली आणि कट्टकन फोडली. दुसरी सरकी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "घे, तू चावून पाय. ओली असन तर सारा कापूस फुकट ने."

त्यानं चावली नाही. आजीनं सांगितलेल्या भावानं मोजून गेला.

आता सांगा, प्रगतिशील शेतकरी कोण?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण तीच बाई आमच्यासाठी वेगळीच होती. तान्ह्या पोळ्याला सगळे पोट्टे लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागत फिरायचे, आणि मी दाराशी. पोरी कशाला फिरतात, म्हणे. आजीनं माझ्यासाठी सुताराकडून बैल करवून आणला, खऱ्या बैलांच्या साजातली उरलेली लाल झूल कापून त्याच्या पाठीवर शिवली, आणि स्वतः माझ्यासोबत प्रत्येक दारात उभी राहिली. बोजारा देईपर्यंत हलली नाही. भाऊ अजून चिडवतो की आजीच्या धाकानं मला सगळ्यांपेक्षा जास्त चिल्लर मिळाली. खरं आहे.

नागपूरला फ्लॅटमध्ये आणलं तिला, पण गॅलरीतल्या कुंड्यांत गुलाब उपटून तूर लावली तिनं. आई वैतागायची. शेवटी शेवटी तोंडात एकही दात नव्हता. पेरू किसून द्यावा लागायचा. तरी गावाहून कोणी कापसाचा नमुना घेऊन आलं की सरकी हातात घ्यायची आणि मला म्हणायची, "तू चाव अन् आवाज आयकव मले." डोळे मिटून ऐकायची. मग सांगायची, दोन दिवस ऊन लागू द्या.

आणि हिचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं? आजोबा गेल्यावर, वारस म्हणून! शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती सांगितली, गावोगावी पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन केली, त्या आंदोलनाचा बिल्ला आमच्याही घरात होता. बिल्लाच होता फक्त. आता २०२६ हे साल संयुक्त राष्ट्रसंघानं शेतकरी स्त्रियांचं म्हणून जाहीर केलंय. करा साजरं, हारतुरे आणा.

परवा घाटावरून परत आलो, आंघोळी व्हायच्या होत्या, आणि पोर्चमध्ये दोघं-तिघं हक्कसोडपत्राचं बोलत होते. 'तेरवीला बहिणी येतीलच, तेव्हाच सह्या उरकून घेऊ.' मी पाणी तापवायला चालले होते, मला ऐकू आलं. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे, हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. माहीत आहे म्हणून तर घाई. आत्यांनी आपल्या मनानं, समजून-उमजून सोडला तर माझं काही म्हणणं नाही. पण रडून डोळे सुजलेल्या बाईसमोर जेवणाच्या पंगतीत कागद सरकवायचा? ज्या पोरींनी आईबरोबर निंदण केलं, शाळा बुडवून कापूस वेचला, त्यांच्यासमोर?

ज्यांच्यासाठी लिहितेय ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत आणि आत्तापर्यंत वाचून झालं असेल. दोघी आत्यांना सकाळीच फोन केलाय मी. वकील मैत्रिणीला तेरवीच्या जेवणाला बोलावलंय. कागद आणायचाच असेल तर तिच्यासाठी एक पान जास्तीचं वाढा.