अ म्हणजे अननस नाही!

काल रात्री ताईचा मेसेज, "बघ किती सोप्पं केलंय, पिल्लूला लगेच कळलं." पिल्लू म्हणजे माझी भाची, सातवीत आहे. सोबत तो सगळीकडे फिरणारा फॉरवर्ड, 'बीजगणित 5 मिनिटांत': अ म्हणजे अननस, ब म्हणजे बोर, म्हणून 3अ + 2ब म्हणजे 3 अननस आणि 2 बोरं. किंमत काढायला कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ केलं की झालं. आणि भास्कराचार्यपण असंच करायचे म्हणे.

मी लगेच पिल्लूला फोन लावला. पेन 10 रुपयांना, वही 30ला, प पेनं आणि व वह्या घेतल्या तर खर्च किती? तिने 10प + 30व बरोबर लिहिलं. म्हटलं आता वाचून दाखव, तर म्हणते "10 पेनं आणि 30 वह्या". अगं, 10 आणि 30 तर भाव आहेत, पेनं किती घेतली ते माहीत नाही म्हणून तर प लिहिलाय, प म्हणजे पेन नाही, पेनांची संख्या! मग प = 4, व = 2 ठेव म्हटलं तर तिथे अडकली, पेनाच्या जागी 4 कसे ठेवायचे? 100 रुपये यायला दहा मिनिटं गेली. आणि पुढे अ × ब आलं, अ = −2 आलं की काय सांगणार, अननस गुणिले बोर? उणे दोन अननस?

डिटमार क्युखेमान या गणितशिक्षणाच्या संशोधकाने इंग्लंडमधल्या मुलांवरच्या अभ्यासात 1981 सालीच हे दाखवलंय. निळी पेन्सिल 5 पेन्स, लाल 6, एकूण खर्च 90, निळ्या न आणि लाल ल घेतल्या, तर काय लिहाल? हवं होतं 5न + 6ल = 90, पण न + ल = 90 लिहिणारी मुलं भरपूर निघाली, कारण त्यांच्या डोक्यात न म्हणजे निळ्या पेन्सिली. मुलं जी चूक आपणहून करतात तीच आपण युक्ती म्हणून शिकवायची?

फळांमुळे 3अ + 2ब चं 5अब होत नाही, एवढं मान्य. पण त्याला फळं कशाला हवीत, अ = 4, ब = 1 ठेवून बघा, एकीकडे 14 येतात, दुसरीकडे 20.

कंचेभागुबेव नुसतं पाठ केलं तर 10 − 3 + 2 मधे मुलं बेरीज आधी करतात आणि 5 लिहितात. उत्तर 9 आहे, बेरीज-वजाबाकी डावीकडून क्रमाने करायची.

भास्कराचार्यांनी 1150 च्या ग्रंथात 'का', 'नी' लिहिलंय हे खरं, म्हणजे कालक (काळा), नीलक (निळा), ही रंगांचीच नावं. पण ती अज्ञात संख्यांना दिलेली नावं आहेत, आणि पहिली अज्ञात संख्या 'या', म्हणजे यावत्तावत्, जितकं असेल तितकं. फळं कुठून आली यात?

ताईला सांगितलंय, तो मेसेज डिलीट कर आणि पिल्लूला प्रत्येक गणिताच्या वर आधी एक ओळ लिहायला लाव: प = पेनांची संख्या.